दहाव्याला धरणारे हात

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत समुद्रमार्गे दहा माणसे उतरली. मारायला आणि मरायला म्हणूनच ती आली होती, आणि त्यांतली नऊ ठरल्याप्रमाणे मेलीही. दहावा मात्र जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणूनच त्या रात्रीचा इतिहास आज आपण लिहितो तसा लिहिता आला. ज्या माणसाने त्या दहाव्याच्या बंदुकीची नळी आपल्या हातांनी धरली आणि सोडली नाही, त्या सहाय्यक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे यांच्याविषयी हा लेख आहे.

ओंबळे यांच्या शौर्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. दर नोव्हेंबरात वर्तमानपत्रांत त्यांचा फोटो येतो, शाळाशाळांतून भाषणे होतात, आमच्या शाळेतही होतात. त्या शौर्याचे वर्णन पुन्हा एकदा करावे एवढ्यासाठी संपादकांची पाने मी अडवली नसती. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणतीही हकीकत ऐकली की तो आधी विचारतो, ह्याला साधन काय? पत्र आहे, शिलालेख आहे, प्रत्यक्ष पाहणारा कोणी आहे? आणि साधन नसते तर ह्या घटनेविषयी आपण काय समजून बसलो असतो? हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, पण तो आपण क्वचित विचारतो. गिरगावच्या नाक्यावरच्या त्या काही क्षणांना हा प्रश्न विचारून पाहिला, आणि उत्तर आपल्या दारापर्यंत, म्हणजे बेळगाव, बिदर, हैदराबादच्या दारापर्यंत येऊन पोहोचते असे मला दिसले.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. जावळी म्हटले की आपल्याला चंद्रराव मोरे आठवतात, १६५६ साल आठवते, दाट रान आणि त्यातल्या अवघड वाटा आठवतात. त्या डोंगराळ मुलखात शेतीवर घर चालवणे पूर्वीपासून कठीण. म्हणून घरटी एक माणूस फौजेत किंवा मुंबईत, हा सातारकडचा जुना शिरस्ता आहे. ओंबळे यांनी दोन्ही केले. आधी सैन्यात नोकरी केली, तिथून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये ते मुंबई पोलिसांत भरती झाले. म्हणजे ज्या वयात माणूस पेन्शन घेऊन गावाकडे घराची डागडुजी काढतो, त्या वयात हे गृहस्थ दुसऱ्यांदा गणवेश चढवून रस्त्यावर उभे राहिले. सहाय्यक फौजदार हा हुद्दा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. शिपायाचा हवालदार होतो, हवालदाराचा जमादार, आणि केस पिकायला लागले की खांद्यावर एक तारा चढतो. गणपतीच्या मिरवणुकीत दोरीपाशी असतो तो हाच माणूस, आणि रात्री नाकाबंदीत बॅटरी हलवून गाडी थांबवतो तोही हाच. आपण त्याच्याकडे बघतो, पण तो आपल्या लक्षात राहत नाही.

आता त्या रात्रीकडे वळू. ती हकीकत वाचकांना ठाऊक आहे, तरी नाक्यापर्यंत यायचे तर थोडी उजळणी हवी.

कराचीहून निघालेल्या ह्या टोळीने वाटेत पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारीची होडी बळकावली, तिच्यावरच्या खलाशांना मारले, तांडेल अमरसिंह सोळंकी ह्याला मुंबईपर्यंत नाव हाकायला लावून शेवटी त्यालाही मारले. तिथून रबरी होडीतून ते कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी, बधवार पार्कला उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकलेही होते. मग दोघादोघांच्या पाच जोड्या पांगल्या. त्यांतली एक जोडी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेली. अजमल कसाब आणि त्याचा म्होरक्या अबू इस्माईल. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत पथाऱ्या टाकून बसलेल्या माणसांवर त्यांनी गोळीबार केला. एकट्या त्या स्थानकात ५२ माणसे गेली. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच पडले. विष्णू झेंडे ह्या उद्घोषकाने आपल्या खोलीतून ध्वनिक्षेपकावर सूचना देत देत कित्येकांना दुसऱ्या वाटेने बाहेर काढले, हेही सांगितले पाहिजे.

तिथून ही जोडी कामा रुग्णालयात शिरली. सदानंद दाते आणि त्यांच्या तुकडीने तिथे त्यांना बराच वेळ रोखून धरले. त्यात दोन पोलीस गेले आणि दाते स्वतः जबर जखमी झाले. रुग्णालयाबाहेरच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिस गाडीत होते तिच्यावर गोळीबार झाला. तिघेही अधिकारी आणि त्यांच्याबरोबरचे पोलीस गेले. मागच्या बाजूला जखमी होऊन पडलेले अरुण जाधव तेवढे वाचले. अशोक कामटे सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, त्यामुळे आपल्या भागातल्या अनेकांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेले होते. सोलापूरच्या माझ्या एका नातेवाइकांच्या घरी त्या रात्री कोणी जेवले नाही.

मारेकऱ्यांनी तीच क्वालिस पळवली. तिचे चाक बसले तेव्हा मंत्रालयाच्या परिसरात एक स्कोडा गाडी अडवून, आतल्या माणसांना उतरवून ते तिच्यातून निघाले. चंदेरी रंगाच्या स्कोडातून दोघे मरीन ड्राइव्हच्या दिशेने येत आहेत, असा निरोप बिनतारी यंत्रणेवरून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या नाक्यावर पोहोचला. हा नाका गिरगाव चौपाटीजवळ लावलेला होता.

नाक्यावर अधिकारी होते, त्यांच्यापैकी काहींपाशी पिस्तुले होती. बाकीच्यांच्या हातात काठ्या. ओंबळे यांच्या हातातही काठीच होती. ह्या एका गोष्टीपाशी मी नेहमी थबकतो. समोरून येणाऱ्यांकडे एके-४७ आहे, त्यांनी स्थानकात, रुग्णालयात, रस्त्यात माणसे मारली आहेत, हे एव्हाना नाक्यावर कळलेले होते. तरी काठी घेतलेला माणूस तिथून हलला नाही. त्याला काठी देऊन तिथे उभे करणाऱ्या व्यवस्थेविषयी पुढे खूप बोलले गेले. राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. शस्त्रे, चिलखती जाकिटे, सराव ह्यांवर वाद झडले. ते सगळे व्हायलाच हवे होते. परंतु त्या रात्री साडेबारा-पाऊणच्या सुमाराला त्या वादाचा उपयोग नव्हता.

गाडी अडथळ्याच्या अलीकडे थांबली. तिचे पुढचे दिवे प्रखर चालू होते, काचेवर पाणी उडवून वायपर फिरवले जात होते. आत कोण आहे ते दिसू नये म्हणून. दिवे बंद करा, खाली उतरा, असे पोलिसांनी बजावले. चालवणाऱ्या इस्माईलने गाडी एकदम वळवून परत फिरायचा प्रयत्न केला आणि ती रस्त्याच्या दुभाजकावर चढून अडकली. पोलीस दोन्ही बाजूंनी धावले. एका बाजूला इस्माईलशी गोळीबार झाला आणि तो पडला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला, शरण येतो आहे असे भासवत, आणि त्याने बंदूक वर केली. ओंबळे त्याच्यावर झेपावले. नळी त्यांनी धरली ती स्वतःच्या अंगाकडे वळलेली असताना. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरत होत्या आणि तरी पकड सुटली नाही. त्या अवधीत बाकीचे पोलीस कसाबवर तुटून पडले, काठ्यांनी त्याला खाली पाडले. संजय गोविलकर ह्या अधिकाऱ्यांना त्यात गोळी चाटून गेली. मागे उभ्या असलेल्या कोणाला त्या फैरी लागल्या असत्या, त्या एका देहाने अडवल्या.

किती गोळ्या? आमच्या नववीच्या वर्गात मी एकदा ओंबळे यांच्याविषयी बोलत होतो, तर एक मुलगा म्हणाला चाळीस, दुसरा म्हणाला तेवीस, तिसऱ्या मुलीने आणखी वेगळाच आकडा सांगितला. प्रत्येकाने तो मोबाइलवर वाचलेला. वर्गात त्यावरून चांगली हमरीतुमरी झाली. मी फळ्यावर तिन्ही आकडे लिहिले आणि पुसून टाकले. शिवरायांच्या काळापासून आपल्याला ही सवय आहे, पराक्रम मोजायचा तर आकडा हवा. कोंढाण्यावर तानाजीला किती जखमा झाल्या, बाजीप्रभूंनी किती तास खिंड धरली. आकड्याने ओंबळे मोठेही होत नाहीत आणि लहानही होत नाहीत. मुलांना मी एवढेच विचारले, कसाबला जिवंत धरला नसता तर काय झाले असते? वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, मग फाशी देता आली नसती.” सगळे हसले. उत्तर तसे चुकीचे नव्हते, पण अपुरे होते.

वाचकहो, त्या रात्रीच्या बातम्या आठवा. हल्ला चालू असतानाच वृत्तसंस्थांना एक ई-मेल आली. हे कृत्य आमचे आहे, असे सांगणारी. खाली नाव होते ‘डेक्कन मुजाहिदीन’. डेक्कन म्हणजे दख्खन. म्हणजे आपण. गोदावरीपासून तुंगभद्रेपर्यंत जिथे मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एका गल्लीत ऐकू येतात तो हा मुलूख. ओलीस धरलेल्या ठिकाणांहून दूरचित्रवाहिन्यांना फोन करणाऱ्यांनीही आपण हैदराबादचे, दख्खनचे असल्याचे सांगितले. तसे सांगा, अशी आज्ञा त्यांना सीमेपलीकडून फोनवर दिली जात होती. ती संभाषणे तपास यंत्रणांनी टिपली आणि पुढे न्यायालयात आली.

इतकेच नव्हते. ह्या दहा जणांजवळ खोटी ओळखपत्रे होती, भारतीय महाविद्यालयांची, हिंदू नावांची. कसाबच्या ओळखपत्रावरचे नाव होते समीर दिनेश चौधरी. महाविद्यालय हैदराबादचे आणि राहण्याचा पत्ता बंगळूरचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात हे सविस्तर आले आहे. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. मारेकरी कराचीहून आले, आणि येताना त्यांनी पत्ता आपला आणला. त्यांनी मरताना मागे ठेवायची वस्तू कोणती, तर हैदराबाद आणि बंगळूर ह्या नावांचा एक कागद. दहाही मेले असते, तर दहा प्रेते आणि दहा खोटे कागद एवढे साधन तपास करणाऱ्यांच्या हाती पहिल्या तासाला असते. कागद खोटा ठरवायला वेळ लागतो. अफवेला लागत नाही.

सीमेवरच्या, दोन भाषांच्या गावात राहणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको. आपल्याकडे एक गाडी फुटली, एक फलक काळा झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बसायच्या जागा बदलतात. ओळखीचा माणूस नजर चुकवतो. त्या गुरुवारी, २७ तारखेला, ‘डेक्कन’ हे नाव सकाळपासून टीव्हीवर होते. आमच्या गावच्या बाजारपेठेत मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्यांची दुकाने भिंतीला भिंत लावून आहेत. त्या दिवशी बोहोरी बंधूंच्या, बागवानांच्या दुकानांत गिऱ्हाईक नव्हते असे नाही, पण आवाज नव्हता. माल मोजून द्यायचा, पैसे घ्यायचे. मग दिवस चढत गेला तशी बातमी स्पष्ट होत गेली की एक जण जिवंत सापडला आहे, तो पाकिस्तानातल्या पंजाबचा आहे, बोलतो आहे. ओकाडा जिल्ह्यातले फरीदकोट हे त्याचे गाव. डिसेंबरात पत्रकार त्या गावी जाऊन आले, पाकिस्तानातल्याच ‘डॉन’ ह्या दैनिकाने त्याच्या वडिलांनी मुलाला ओळखल्याचे छापले. ७ जानेवारी २००९ रोजी पाकिस्तान सरकारला तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले, आणि फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचेही. ‘डेक्कन मुजाहिदीन’ हे नाव त्यानंतर कोणी घेतले नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करायला हवी. कसाब मेला असता तर काहीच उरले नसते, असे मी म्हणणार नाही. ‘कुबेर’वर मागे राहिलेले दिशादर्शक यंत्र होते, उपग्रह फोन होता, टिपलेली संभाषणे होती. टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर ह्या दोन छायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन घेतलेली छायाचित्रे होती. इतिहासाला साधने एकाहून अधिक लागतातच. परंतु यंत्राला गाव नसते, फोनवरच्या आवाजाला बाप नसतो. ही सगळी सुटी पाने एका पुस्तकात बांधायला जो दोरा लागला, तो गिरगावच्या रस्त्यावर सापडला.

त्या दोऱ्याचे पुढे काय झाले हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. शौर्यकथा नाक्यावर संपते आणि थेट फाशीवर जाऊन पुन्हा सुरू होते. मधली चार वर्षे गाळली जातात. मला विचाराल तर ओंबळे यांच्या हातांचे खरे काम त्या चार वर्षांत दिसते.

फेब्रुवारी २००९ मध्ये कसाबने दंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब दिला. तो देण्याआधी त्याला पोलिसांच्या ताब्यातून दूर ठेवण्यात आले, विचार करायला वेळ देण्यात आला, हा जबाब तुझ्याविरुद्ध वापरला जाईल हे त्याला समजावून सांगण्यात आले. भरती कशी झाली, शिबिरे कुठे भरली, समुद्रात काय घडले, सगळे त्यात आले. एप्रिल २००९ मध्ये आर्थर रोड तुरुंगात उभारलेल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांच्यासमोर खटला सुरू झाला. आरोप ८६. त्याच्या बाजूने वकील उभे राहावेत की नाही ह्यावर गावोगाव वाद झाले, पण वकील दिला गेला. पायाला गोळी लागलेली एक शाळकरी मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने त्याला ओळखले. जुलैत तो भर न्यायालयात उभा राहून गुन्हा कबूल म्हणाला. आणि डिसेंबरात त्याने सगळे फिरवले. आपण सिनेमा पाहायला मुंबईत आलो होतो, पोलिसांनी आपल्याला हल्ल्याच्या आधीच जुहूला पकडून ठेवले होते, असे तो सांगू लागला.

आता पाहा. आरोपीने जबाब फिरवला की साक्षीपुराव्याचा कस लागतो. कसाब कुठे, केव्हा, कोणत्या स्थितीत सापडला हा प्रश्न आला की सगळे येऊन थांबते त्या नाक्यावर. तिथे असलेले अधिकारी, शिपाई, जखमी गोविलकर यांच्या साक्षी झाल्या, अडकलेली गाडी होती, जप्त शस्त्रे होती, आणि तुकाराम ओंबळे यांच्या मृतदेहाच्या शवविच्छेदनाचा अहवाल होता. जुहूला आधीच पकडलेला माणूस मध्यरात्री गिरगावात सहाय्यक फौजदाराला मारू शकत नाही. ओंबळे साक्षीला येऊ शकत नव्हते. तरी त्यांची साक्ष झाली.

३ मे २०१० रोजी निकाल लागला, हजार-दीड हजार पानांचा. त्याच निकालात सहआरोपी म्हणून उभ्या असलेल्या दोन भारतीयांना पुराव्याअभावी निर्दोष सोडण्यात आले. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता कायम ठेवली. मला ह्या खटल्यातली ही बाजू फार मोलाची वाटते. एवढा संताप असताना, सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असताना, न्यायाधीशाने म्हटले की ह्या दोघांविरुद्धचा पुरावा पुरेसा नाही. ज्या न्यायालयाने दोघांना सोडले त्याच न्यायालयाने तिसऱ्याला दोषी ठरवले, म्हणून त्या दोषी ठरवण्याला जगात वजन आले. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा, २१ फेब्रुवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाची मान्यता, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाची. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याला शिक्षा अमलात आली. हल्ल्याच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून तहव्वूर राणा ह्याला अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या स्वाधीन केले, म्हणजे हे दप्तर अजून बांधून ठेवलेले नाही.

आमच्या भागात पोलिसाविषयी लेख लिहायचा म्हणजे आणखी एक गोष्ट बाजूला सारून चालत नाही. सीमाभागात वाढलेल्या माझ्या पिढीला खाकी कपड्याविषयी प्रेम शिकवले गेले नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक आपण दरवर्षी पाहतो. तेव्हा मी शाळकरी वयाचा होतो. पोलीस म्हणजे दुसऱ्या राज्याचा माणूस, दुसऱ्या भाषेत ओरडणारा, हे चित्र डोक्यात पक्के बसले. ते चित्र खोटे होते असे मी आज म्हणत नाही. पण त्या खाकी कपड्याच्या आत केडंबेसारख्या एखाद्या गावातला, शेतीवर भागत नाही म्हणून भरती झालेला, पोरीबाळींचा बाप असलेला माणूस असतो, तो कधी कधी धारवाडचा असतो, कधी गोकाकचा, हे दिसायला वेळ लागला. ओंबळे मराठी होते म्हणून आपण त्यांच्यावर लेख लिहितो, हे खरेच. कर्नाटकातल्या एखाद्या चौकीवर असाच कोणी उभा राहिला आणि पडला, तर आपल्या दिवाळी अंकात त्याला पान मिळेल का, हे संपादकांनी आणि मीही एकदा मनाशी विचारून पाहावे.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शांततेच्या काळात शौर्यासाठी दिला जाणारा हा सर्वोच्च मान. करकरे, कामटे, साळसकर यांनाही त्याच दिवशी तो मिळाला, आणि ताज व नरिमन हाउसच्या लढाईत पडलेले संदीप उन्नीकृष्णन आणि गजेंद्रसिंह बिश्त यांनाही. गिरगाव चौपाटीवर ओंबळे यांचा पुतळा आहे. २०२१ साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी ‘इसियस तुकारामी’ असे नाव दिले. झेप घेऊन सावज धरणाऱ्या कोळ्यांच्या कुळातली ही जात आहे. नाव देणाऱ्यांनी विचार करून दिले असावे. मुलांना पुतळ्यापेक्षा हा कोळी जास्त आवडतो, हा माझा अनुभव आहे.

स्मरणाचा आणखी एक प्रकार आहे, त्याची आपल्याला फारशी माहिती नसते. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे, आदल्या दिवशी गस्तीवर जाऊन न परतलेल्या साथीदारांचा शोध घेणाऱ्या पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी टेकडीवरून गोळीबार केला. दहा जण पडले. त्यांची प्रेते १३ नोव्हेंबरला परत मिळाली आणि तिथेच बर्फाळ माळावर त्यांना अग्नी दिला गेला. तेव्हापासून देशभर २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन पाळतात. प्रत्येक जिल्ह्याच्या कवायत मैदानावर संचलन होते, बंदुका उलट्या धरतात आणि त्या वर्षी देशात कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. राज्य कोणतेही असो, नावे सगळ्यांची. हा दिवस बहुतेक दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२५ साली तर तो लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी आला होता.

२००९ च्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्याच्या मैदानावर शाळांना बोलावणे होते, म्हणून मुलांना घेऊन मी गेलो होतो. दिवाळी होऊन दोन-चार दिवस झालेले, मुलांच्या हातांना अजून फटाक्यांच्या दारूचा वास. एक अधिकारी कानडीतून राज्यवार नावे वाचत होते. जम्मू-काश्मीर, छत्तीसगड, झारखंड. यादी लांब होती, मुले चुळबुळ करू लागली. मग महाराष्ट्र आला. करकरे, कामटे, साळसकर ही नावे ऐकल्यावर मुले सावरून उभी राहिली. ओंबळे यांचे नाव ऐकताना मी कान टवकारले होते, कारण वर्षभर हिंदी वाहिन्यांवर ते ‘ओंबले’ असेच ऐकत आलो होतो. त्या भाषेत ‘ळ’ नाही, त्याला त्या वाहिन्या तरी काय करणार. कानडीत मात्र आहे. त्या अधिकाऱ्यांनी कागदावरून मान वर न करता, अगदी केडंब्याच्या माणसाने उच्चारावा तसा स्पष्ट ‘ळ’ उच्चारून ते नाव वाचले, आणि ते पुढच्या नावाकडे वळले.